उजेड बदलला की व्हिडिओतली हालचाल कशी मोजायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकातली वाहनं व्हिडिओवरून मोजणारे, ड्रोनवर काम करणारे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच असते: खोलीत नीट चालणारा प्रोग्रॅम बाहेर उन्हात नेला की बिघडतो. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत रात्री घालवण्याआधी उजेडाकडे बघा.

ऑप्टिकल फ्लो म्हणजे नेमकं काय?

एकापाठोपाठच्या दोन फ्रेम घ्या. पहिल्या फ्रेममधला प्रत्येक ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला ते दाखवणारा एकेक बाण काढा. या सगळ्या बाणांना मिळून ऑप्टिकल फ्लो म्हणतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांवर काम करताना या कल्पनेला आकार दिला: विमान उतरत असताना जमीन डोळ्यांपुढून कशी वाहत जाते, आणि त्या वाहण्यातून वैमानिकाला स्वतःचा वेग नि दिशा कशी कळते. संगणकासाठीच्या दोन मूळ पद्धती १९८१ साली आल्या. एक एमआयटीतल्या बर्थोल्ड हॉर्न आणि ब्रायन शुंक यांची, दुसरी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांची. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वस्तू सरकली तरी तिच्यावरच्या ठिपक्याचा उजेड तोच राहतो. आपल्या सगळ्या अडचणी या एका वाक्यातून निघतात.

उजेड बदलल्यावर गणित कुठे चुकतं?

हे आकडे घेऊनच बघू. एका ओळीतल्या पाच पिक्सेलच्या उजेडाच्या किमती अशा आहेत: ४०, ६०, ८०, १००, १२०. डावीकडून उजवीकडे दर पिक्सेलला २० चा चढ आहे. आता वस्तू अर्धा पिक्सेल उजवीकडे सरकली. मधल्या पिक्सेलवर ८० च्या जागी ७० आले, म्हणजे १० ची घट. पद्धत काय करते? काळानुसार झालेल्या फरकाला चढाने भागते आणि चिन्ह उलटं करते. १० भागिले २०, अर्धा पिक्सेल उजवीकडे. उत्तर अचूक.

आता वस्तू जागची हललीच नाही, पण कॅमेऱ्याने स्वतःहून उजेड १० ने वाढवला. मधल्या पिक्सेलवर ८० चे ९० झाले. तेच गणित आता अर्धा पिक्सेल डावीकडे असं सांगतं. हे झालं २० च्या चढावर. रंग दिलेल्या साध्या भिंतीवर चढ जेमतेम २ असतो. तिथे १० भागिले २ म्हणजे ५ पिक्सेल. म्हणून उजेड बदलला की ठळक कडा थोड्याच हलतात, आणि सपाट भिंत किंवा डांबरी रस्ता मात्र धावत सुटतो. बाण कुठे सगळ्यात लांब झालेत ते बघितलं तरी रोगाचं निदान होतं.

आणखी एक खूण सांगतो. एखादा उजळ डाग आणखी उजळला तर त्याच्या डाव्या उतारावरचे बाण डावीकडे वळतात आणि उजव्या उतारावरचे उजवीकडे. डाग फुगतोय असं दिसतं. उजेड कमी झाला तर तो आक्रसतो. दृश्यातले सगळे उजळ डाग एकाच वेळी फुगले किंवा आक्रसले तर ती हालचाल नव्हे, उजेडाचा बदल आहे असं समजा.

म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी हालचाल आणि खरी हालचाल वेगळी असू शकते?

हो. यासाठी हॉर्न यांचं गोळ्याचं उदाहरण शिकवण्यात नेहमी देतात. एकाच रंगाचा गुळगुळीत गोळा स्थिर दिव्याखाली स्वतःभोवती फिरतोय. त्याच्यावर एकही खूण नाही, त्यामुळे चित्रात काहीच बदलत नाही. हालचाल आहे, पण फ्लो शून्य. आता गोळा स्थिर ठेवा आणि दिवा फिरवा. गोळ्यावरची छटा सरकते. हालचाल शून्य, पण फ्लो आहे.

मला हे पुस्तकात वाचून कळलं होतं, पण पटलं ते पुण्यात एका गच्चीवरून रस्त्याचं चित्रीकरण करताना. श्रावणातली दुपार होती. ढगाची सावली रस्त्यावरून पुढे गेली आणि माझ्या प्रोग्रॅमने उभ्या असलेल्या रिक्षांच्या रांगेसकट सगळा रस्ता पूर्वेकडे चालल्याचं दाखवलं. बाण इतके सुबक, एकसारखे होते की क्षणभर मीही विश्वास ठेवला असता. खाली रिक्षावाले निवांत चहा पीत बसले होते.

हे सगळं कुठे उपयोगी पडतं?

तुमच्या हाताखालच्या माउसमध्ये. ऑप्टिकल माउस सेकंदाला हजाराहून जास्त छोटी चित्रं घेतो आणि टेबलाचा पृष्ठभाग किती सरकला ते मोजतो. त्याच्यापुढे उजेडाचा प्रश्न येत नाही, कारण दिवा तो स्वतःच्या पोटात घेऊन फिरतो. एंडोस्कोपीतही दिवा कॅमेऱ्याच्या टोकालाच असतो, पण तिथे त्यानेच घोळ होतो: टोक आतड्याच्या भिंतीपासून २ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरवर आलं की भिंतीवरचा उजेड चौपट होतो.

इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहांच्या लागोपाठच्या चित्रांवरून ढगांचा माग काढून वाऱ्याचा वेग आणि दिशा ठरवतात. साध्या प्रकाशातल्या चित्रात सूर्य वर-खाली होईल तसा ढगांचा उजळपणा बदलतो आणि रात्री तर काहीच दिसत नाही, म्हणून अवरक्त आणि पाण्याच्या वाफेच्या पट्ट्यातली चित्रंही वापरतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरला, तेव्हा त्याच्यावर आडवा वेग मोजण्यासाठी खास कॅमेरा होता. उतरण्यासाठी तिथल्या दिवसाची सुरुवात निवडली होती. सूर्य क्षितिजालगत असला की खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात, आणि करड्या जमिनीवर माग काढण्याजोग्या खुणा मिळतात. उजेड दर वेळी शत्रूच असतो असं नाही.

मी कोणती पद्धत वापरावी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि मी दर वेळी उलट विचारतो: तुमच्याकडे उजेड कशामुळे बदलतोय? माझं ठाम मत आहे की त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पद्धत निवडू नये. कॅमेऱ्याने एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर किती उजेड घ्यायचा ते, बदललं तर सगळं चित्र एका पटीत उजळतं. ढग आला तर चित्राचा एक भाग मंदावतो, आणि त्या मंदपणाची कडा सरकत जाते. ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर बदल ठरावीक तालात येतो. ओल्या रस्त्यावरची चकाकी तर बघणाऱ्याबरोबर जागा बदलते. या चारही रोगांवर एकच औषध चालत नाही. उजेड कशाने बदलतोय हे न बघता 'सगळ्यात नवीन' पद्धत लावणारे महिना घालवतात आणि शेवटी कॅमेऱ्याच्या सेटिंगपाशी येऊन थांबतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

ऑटो एक्सपोजर बंद केलं तर पुरेल का?

बऱ्याचदा पुरतं, आणि ते फुकट आहे. एक्सपोजर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हे तिन्ही एकदा ठरवून कुलूपबंद करा. पांढरी बस फ्रेममध्ये शिरली म्हणून बाकीचा रस्ता काळवंडणं त्याने थांबतं.

दिवसभर चालणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र ते शक्य नसतं. सकाळी सहाचं एक्सपोजर दुपारी बाराला ठेवलं तर चित्र पांढरंफटक होईल. तिथे कॅमेऱ्याकडून प्रत्येक फ्रेमचा एक्सपोजरचा वेळ मागून घ्या आणि किमती त्या हिशोबाने दुरुस्त करा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या डॅनियल क्रेमर्स यांच्या गटाने डीएसओ नावाच्या, व्हिडिओवरून कॅमेऱ्याची स्वतःची हालचाल मोजणाऱ्या पद्धतीत हेच पद्धतशीर केलं: लेन्समुळे कोपऱ्यात पडणारा अंधार, कॅमेऱ्याचा उजेडाला मिळणारा वक्र प्रतिसाद आणि एक्सपोजरचा वेळ, तिन्ही आधी मोजून घ्यायचे. एक्सपोजर माहीत नसेल तर दर फ्रेममागे एक पट आणि एक बेरीज अशी दोन अज्ञातं धरून तीही सोडवायची.

पण एक लक्षात ठेवा. किंमत २५५ ला, म्हणजे सगळ्यात उजळ टोकाला, जाऊन टेकली की तिथली माहिती गेली. कोणतंही गणित ती परत आणत नाही. म्हणून मी एक्सपोजर नेहमी किंचित कमीकडे ठेवतो.

ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकतात, आणि प्रोग्रॅम तीच हालचाल समजतो. काय करू?

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. फोनचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळी उजळ क्षणी टिपल्या जातात, काही मंद क्षणी. हेच ते पट्टे. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मधल्या वेळात दिवा तीन पूर्णांक एक तृतीयांश वेळा लुकलुकतो. वरचा तो एक तृतीयांश पट्ट्यांना दर फ्रेमला पुढे ढकलतो, आणि तीन फ्रेमनंतर ते मूळ जागी येतात. २५ फ्रेमला बरोबर चार वेळा लुकलुकणं होतं, म्हणून पट्टे जवळजवळ जागेवर राहतात.

खरा उपाय शटरमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळ किती वेळ उजेड घेते त्यात, आहे. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक ओळीला पुरी लुकलुक मिळते आणि पट्टे नाहीसे होतात. वेगवान वस्तू धूसर होते म्हणून लोक १/५०० वर जातात, आणि नेमके तिथेच पट्टे सगळ्यात ठळक येतात. वेगवान शटर हवंच असेल तर न लुकलुकणारा, डीसी पुरवठ्यावरचा एलईडी दिवा लावा.

प्रत्येक फ्रेमवर हिस्टोग्राम इक्वलायझेशन केलं तर?

करू नका. कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत तो तक्ता, म्हणजे हिस्टोग्राम, बघून ते किमती पसरवतं, आणि प्रत्येक फ्रेमला वेगवेगळं लागू होतं. एक काळा ट्रक आत आला की हिस्टोग्राम बदलतो आणि जागच्या जागी असलेल्या फुटपाथचीही किंमत बदलते. म्हणजे उजेडाचा जो बदल नव्हता तो तुम्हीच तयार करता.

'ग्रेडियंट (म्हणजे चढ) स्थिर राहतो' असं धरतात, त्याने काय साधतं?

सुरुवातीच्या ४० ते १२० च्या ओळीत १० मिळवा: ५०, ७०, ९०, ११०, १३०. किमती बदलल्या, पण चढ २० चाच राहिला. २००४ साली थॉमस ब्रॉक्स, आंद्रेस ब्रून, निल्स पापेनबर्ग आणि योआखिम वायकर्ट यांनी उजेडाबरोबर चढही जुळवायचा असं मांडलं, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं बहुतेक चांगल्या पद्धती त्याच वाटेने गेल्या.

उजेड पटीने वाढला तर? १.१ ने गुणा, चढ २० चा २२ होतो. मग आधी किमतींचा लॉगॅरिदम घ्या. गुणाकाराची बेरीज होते आणि चढ घेतला की ती बेरीज निघून जाते. फक्त अंधाऱ्या भागात जपा. लॉगमध्ये २ वरून ३ वर जाणं हे १०० वरून १५० वर जाण्याइतकंच मोठं असतं. पण २ चे ३ होणं हा बहुतेक वेळा सेन्सरचा नॉइज, म्हणजे आपोआप येणारी बारीक गडबड, असतो. रात्रीच्या चित्रीकरणात लॉग घेऊन माझे निकाल सुधारण्याऐवजी बिघडले होते ते यामुळेच.

सेन्सस ट्रान्सफॉर्म कसं चालतं?

मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच, कारण ती पाटीवर करून बघता येते. १९९४ साली रामिन झबीह आणि जॉन वुडफिल यांनी ती मांडली. तीन बाय तीनचा तुकडा घ्या:

५२  ५८  ६१
४९  ५५  ७०
४७  ५३  ६६

मधल्या ५५ शी प्रत्येक शेजाऱ्याची तुलना करा. मोठा असेल तर १, लहान असेल तर ०. ओळीने वाचलं की मिळतं: ०११०१००१. आता सगळ्या किमतींना १.२ ने गुणा आणि वर १० मिळवा. मधला ५५ आता ७६ झाला, ५८ चा ७९.६, ५३ चा ७३.६. कोण कोणापेक्षा मोठा हा क्रम तसाच, म्हणून खूणही तीच. दोन फ्रेममधल्या खुणा जुळवायच्या, किती अंक वेगळे आहेत ते मोजायचं, एवढंच काम. बरोबर उत्तरं न दाखवता शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कमध्येही हीच कल्पना २०१८ च्या अनफ्लो या पद्धतीने वापरली.

किंमत काय मोजावी लागते? ५३ आणि ५५ मध्ये फक्त २ चा फरक आहे. थोड्या नॉइजने तो अंक उलटतो. सपाट भागात सेन्सस जवळजवळ निरुपयोगी ठरतं. उजेड स्थिर असेल तर ते वापरण्याचं काही कारण नाही, कारण फरक किती आहे ही माहिती तुम्ही टाकून देत असता.

लुकास-कानाडेच वापरायचं आहे. त्यात बदल करता येईल का?

येतो. खिडकीतल्या, म्हणजे बिंदूभोवतीच्या छोट्या चौकोनातल्या, किमतींमधून त्यांची सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. किंवा सरकण्याच्या दोन अज्ञातांबरोबर पट आणि बेरीज ही आणखी दोन अज्ञातं धरा. शहरियार नेगाहदारीपूर यांनी तर १९९८ मध्ये ऑप्टिकल फ्लोची व्याख्याच बदलून त्यात उजेडाचा बदल सामावून घेतला.

अज्ञातं वाढली की खिडकीत खुणाही जास्त लागतात. आपली ४० ते १२० ची ओळ परत बघा. ती अर्धा पिक्सेल डावीकडे सरकली की प्रत्येक किंमत १० ने वाढते. उजेड १० ने वाढला तरी प्रत्येक किंमत १० नेच वाढते. दोन्हींचं चित्र एकच! नुसता सरळ चढ असलेल्या खिडकीत हे कोडं कोणीच सोडवू शकत नाही. खिडकीत कोपरे, ठिपके, चढ-उतार हवेत. म्हणून माग काढायला बिंदू निवडताना हात सैल सोडू नका. थोडे असले तरी चालतील, पण कोपऱ्यांवरचे घ्या.

रंग वापरला तर सावलीचा त्रास टळतो का?

काही अंशी. उजेड कमी-जास्त झाला तरी वस्तूच्या रंगाची छटा टिकते, हे तत्त्व ठीक आहे. पण उघड्यावरच्या सावलीत सूर्याचा थेट प्रकाश नसतो, निळ्या आकाशाचा असतो, त्यामुळे छटा निळसर होते. शिवाय नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मीच साठवलेली असते. छटेच्या भरवशावर नेमक्या कडा शोधायला गेलात तर हाती ठोकळे लागतात.

आणि सरकणारी सावली?

सावलीच्या आतला भाग सेन्सस किंवा ग्रेडियंटने सांभाळता येतो. सावलीची कडा मात्र नाही. ती चित्रातली खरी कडा आहे आणि ती खरंच सरकते. तिथे बहुमताचा आधार घ्यावा लागतो. मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात त्याची स्वतःचीच सावली दिसायची. अशा सावलीवरचे बिंदू जमिनीवरच्या बाकी बिंदूंशी जुळत नाहीत, म्हणून न जुळणारे बिंदू बाद करत गेलं की जमिनीची हालचाल उरते. सावलीने अर्ध्याहून जास्त चित्र व्यापलं तर बहुमत तिचंच होतं. माझ्या श्रावणातल्या ढगाने तेच केलं होतं.

न्यूरल नेटवर्क आल्यावर हा प्रश्न सुटला ना?

खूप सोपा झाला. २०१५ चं फ्लोनेट, २०१८ चं पीडब्ल्यूसी-नेट, २०२० चं प्रिन्स्टनच्या झॅकरी टीड आणि जिया डेंग यांचं राफ्ट, प्रत्येकाने पुढचं पाऊल टाकलं. शिकवताना दोन फ्रेमचा उजेड आणि रंग मुद्दाम वेगवेगळा बदलून देतात, त्यामुळे नेटवर्कला असा बदल सहन करायची सवय लागते. पण त्याने जे पाहिलं त्याचीच सवय लागते. शिकवणीची बरीचशी चित्रं संगणकाने बनवलेली असतात, कारण खऱ्या रस्त्यावर प्रत्येक ठिपक्याचा बाण मोजून देणारं यंत्र नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या रस्त्यांवर लेझरने मोजून केलेल्या किट्टी संग्रहात २०१२ साली शिकवणीसाठी १९४ जोड्या होत्या, यावरून हे काम किती कष्टाचं आहे ते समजेल. घाटातल्या धुक्यात, पावसात, समोरच्या ट्रकच्या हेडलाइटमध्ये तुमचं नेटवर्क कसं वागेल ते तुम्हालाच तपासावं लागेल.

उत्तर बरोबर आहे हे कसं तपासू?

बरेच जण पुढे-मागे तपासणीवर विसंबतात: पहिल्या फ्रेममधून दुसरीत जा, दुसरीतून परत या, मूळ जागी आलात तर उत्तर बरोबर. झाकल्या गेलेल्या भागांसाठी ही तपासणी चांगली आहे. उजेडाच्या चुकीसाठी ती कुचकामी आहे, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आपलंच उदाहरण घ्या. उजेड १० ने वाढला, उत्तर आलं अर्धा पिक्सेल डावीकडे. उलट जाताना उजेड १० ने कमी होतो, उत्तर येतं अर्धा पिक्सेल उजवीकडे. बेरीज शून्य. तपासणी पास, आणि दोन्ही उत्तरं चूक.

त्यापेक्षा दोन साध्या परीक्षा घ्या. फोन स्टँडवर पक्का बसवा, समोर पुस्तकं, कापड, भांडी अशा हलणार नाहीत त्या वस्तू मांडा, आणि चित्रीकरण चालू असताना बाजूचा दिवा लावा-विझवा, खिडकीचा पडदा ओढा. खरी हालचाल शून्य आहे, तेव्हा जो बाण दिसेल तो चूक. दुसरी: एक फोटो घ्या, त्याची प्रत ७ पिक्सेल सरकवा, प्रतीचा उजेड १.३ पट करा, कडेने एक मंद सावली रंगवा. प्रत्येक बाण ७ चा यायला हवा. पद्धत बदलली की मी याच दोन परीक्षा आधी घेतो.

माझ्याकडे फक्त फोन आणि साधा लॅपटॉप आहे. सुरुवात कशी करू?

तेवढं पुरेसं आहे. फोन प्रो मोडवर टाकून एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स बांधून घ्या, शटर १/५० ठेवा. लॅपटॉपवर ओपनसीव्ही हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात लुकास-कानाडे तयार मिळतं. आधी एका फ्रेमवर सेन्सस स्वतःच्या हाताने लिहा, वीसेक ओळींचं काम आहे. मग संध्याकाळी सहाच्या सुमारास खिडकीत फोन ठेवा आणि रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत चित्रीकरण करा. त्या एका तासात मावळता उजेड, लांब होत जाणाऱ्या सावल्या, हेडलाइट आणि लुकलुकणारे दिवे सगळं ओळीने समोर येतं, आणि कोणत्या मिनिटाला कोणती पद्धत ढासळली ते तुम्हाला वहीत लिहून ठेवता येतं.